केळापूरचं कीर्तन, घरबसल्या

"नाक इकडं अन् तोंड तिकडं! बुवाच्या पार फोडी करून टाकल्या यानं," टीव्हीसमोर उभे राहून वामनराव म्हणाले.

पलंगावर उशांना टेकवून बसवलेल्या शोभाताईंनी डावा हात उचलला आणि स्वतःच्याच चेहऱ्यावरून, बरोबर नाकाच्या शेंड्यावरून, आडवा ओढला. विळीवर काकडी चिरावी तसा. मग तोच हात पालथा करून झटकला. म्हणजे, असलं काही मला दाखवू नका.

"दिसून राह्यलं मले. मी काय आंधळा आहो का?"

पडद्यावर केळापूरच्या देवीच्या मंदिरातलं कीर्तन चालू होतं. नवरात्र बसून दोनतीन माळा झाल्या होत्या. बुवा उभ्या जागी निरूपण करत होते तोवर धड दिसत होते. पण गजर चढला, टाळ झपाट्यानं वाजायला लागले आणि बुवांनी उपरणं सावरत एक गिरकी घेतली, की चित्र मधोमध फाटायचं. वरचे बुवा पुढे निघून जायचे, खालचे मागे राहायचे. पापणी लवेपर्यंत दोन्ही बुवा परत एक व्हायचे हे खरं. पण ज्यानं आयुष्यभर कीर्तनं ऐकली त्याला ठाऊक असतं, की चार घटका बसून माणूस वाट बघतो ती त्या गिरकीचीच.

पांढरकवड्यातल्या त्यांच्या घरापासून केळापूर चालत जाण्याजोगं. पूर्वी दोघं चालतच जायची. शोभाताई पुढे, कारण त्यांना पेटीवर बसायचं असायचं, आणि वामनराव पिशवीत पाण्याची बाटली आणि सतरंजी घेऊन मागे. दोन वर्षांमागे शोभाताईंचं उजवं अंग गेलं आणि अंगाबरोबर बोलणंही गेलं. सगळं कळायचं, हसू यायचं, राग तर पूर्वीपेक्षा जास्त यायचा. शब्द तेवढा ओठांपर्यंत येऊन परत फिरायचा. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "येऊ शकतं बोलणं. कधी ते मी सांगू शकत नाही. पण एक शब्द सुटला, की मागचे सुटायला लागतात."

तेव्हापासून वामनराव त्या एका शब्दाची वाट बघत होते. सकाळी तोंड पुसताना, औषध देताना, कूस बदलताना ते तिच्या ओठांकडे बघायचे. हे तिलाही माहीत होतं, आणि कधी कधी ती चिडून तोंड भिंतीकडे करायची.

वामनरावांना गप्प घराची सवय नव्हती. उभी नोकरी त्यांनी बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. काचेच्या खोपटात बसून माइकवर कुठली गाडी कोणत्या फलाटावर लागते ते सांगायचं. पाटणबोरीपासून घाटंजीपर्यंतचे लोक त्यांना आवाजानं ओळखायचे, तोंडानं नाही. आता तोच आवाज ते घरात वापरायचे. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. शोभाताईंकरता आल्याचा चहा थोड्याच वेळात पलंगावर लागत आहे." शोभाताई अर्ध्या तोंडानं हसायच्या. बाकीचं अर्धं तोंड वामनराव मनानं पुरं करून घ्यायचे.

टीव्हीला जोडलेला लॅपटॉप त्यांच्या मुलाचा, क्षितिजचा, कॉलेजातला. हैदराबादला नोकरी लागल्यावर तो इथेच टाकून गेला. चालू केला की भाकरी थापून होईपर्यंत जागा व्हायचा नाही. बसस्टँडसमोर कपिलचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्यानं एक दिवस त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं, आणि त्यावर एलएक्सक्यूटी नावाचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी. "हलका आहे, काका. जुन्या मशीनवर याच्यावानी दुसरं नाही," तो म्हणाला होता. खाली एक पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, बास. लॅपटॉप पुढच्या खोलीत टेबलावर असायचा. भिंतीत भोक पाडून एक लांब वायर आतल्या खोलीतल्या टीव्हीत गेली होती, त्यामुळे टीव्हीवर कीर्तन आणि लॅपटॉपवर दुसरं काम असं एकाच वेळी चालायचं.

दुपारचं ऊन अंगणात पडलेलं असताना आणि शोभाताईंचा डोळा लागलेला असताना करायचं काय, म्हणून वामनराव त्या लॅपटॉपमध्ये डोकं घालू लागले. इंटरनेटवर कुठले कुठले लोक एकमेकांना उत्तरं देत बसलेले असायचे. वामनराव इंग्रजी अडखळत वाचायचे, करून बघायचे, बिघडवायचे आणि कपिलला फोन लावायचे. त्यातूनच त्यांनी शोभाताईंची कळ बनवली होती. बिनवायरचा आकड्यांचा छोटा कीबोर्ड आणला, त्याची मोठी एंटरची कळ तेवढी ठेवली आणि बाकीच्या सगळ्या उपटून टाकल्या. कळीवर शोभाताईंच्या जुन्या ब्लाउजचा तांबडा तुकडा चिकटवला. तो कीबोर्ड कायम त्यांच्या डाव्या हाताशी. त्यांनी दाबलं, की लॅपटॉपवर देवळातल्यासारखी घंटा व्हायची आणि पडद्यावर आडवी लाल पट्टी यायची. पट्टीवर लिहिलेलं असायचं, 'शोभा'. समोर काहीही उघडलेलं असो, पट्टी सगळ्यांच्या वर.

पाणी हवं, दाब. पंखा कमी, दाब. गजर परत ऐकायचाय, दाब. कधी वामनराव धावत आत जायचे तर शोभाताई नुसत्या बघत बसलेल्या असायच्या. काहीच नको असायचं.

चित्र फाटायचं हे पहिल्यापासूनच होतं. इतके दिवस चालवून घेतलं. पण उद्या केळापूरला अर्पिता उभी राहणार होती.

अर्पिता याच गल्लीतली. लहानपणी शाळेच्या दप्तरासकट पेटी शिकायला यायची, आणि पेटी सोडून गातच बसायची. शोभाताई वैतागायच्या, "बोटं हालव गं, गळा काय पळून जाते का?" तिच्या पहिल्या कीर्तनाला पेटीवर शोभाताईच होत्या. त्यात ती आख्यान विसरली, तेव्हा शोभाताईंनी पेटीवर तेच तेच सूर फिरवत ठेवून तिला आठवेपर्यंत वेळ काढून दिला होता. आता ती पुसदकडे असते, गावोगाव तिची कीर्तनं होतात. यंदा पहिल्यांदाच केळापूरच्या देवीपुढे. ती अशी चिरलेली बघायची म्हणजे काय?

वामनरावांनी कपिलला फोन लावला.

"एक इलाज आहे काका," कपिल म्हणाला. "लॉगिन करता न, तथी कोपऱ्यात पाहा. वेलँड म्हणून लिहून असन. डेस्कटॉप तुमचा तोच राहते, फक्त त्याच्या खाली पडद्यावर चित्र काढणारा गडी बदलते. त्याच्यात चित्र फाटत नाही."

"मंग आधी काहून नाही सांगतलं बे?"

"नवं आहे अजून. एखादी गोष्ट चालन, एखादी नाही चालन. मीच दुकानात टाकलं नाही."

"डेस्कटॉप तोच न?"

"तोच."

"मंग झालं तं."

वामनरावांनी लॉगआउट केलं, लॉगिनच्या कोपऱ्यातलं वेलँड निवडलं आणि परत लॉगिन केलं. क्षणभर काळं. मग खालची ओळखीची पट्टी आली, घड्याळ आलं. मागचं देवीचं चित्र मात्र गेलं होतं, तिथं नुसता करडा रंग. माउसचा बाण जरा मोठा वाटत होता. वामनरावांनी दोनचार गोष्टी उघडमिट करून पाहिल्या. बसस्टँडवर नवा ड्रायव्हर आला की ते त्याला पहिली फेरी घाटंजीची द्यायचे आणि गाडी वळणावर कशी घेतो ते बघायचे. तसंच हे. मग त्यांनी दुपारचं कीर्तन परत लावलं आणि आत धावले.

बुवांनी उपरणं सावरलं. गिरकी घेतली. उपरण्याचं टोक सुद्धा अख्खं फिरलं.

"पाह्यलं? पाह्यलं का?" वामनरावांनीच टाळ्या वाजवल्या. "आता बोल!"

बोल म्हणून गेले आणि जीभ चावली. पण शोभाताईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या पुढे झुकून बघत होत्या, आणि डाव्या हाताची बोटं पांघरुणावर पेटीसारखी हालत होती.

झोपण्याआधी वामनरावांनी कळ तपासली. त्याआधी आवाज टीव्हीतून नीट येतो का ते बघायला त्यांनी जुनी कीर्तनं वाजवायचा कार्यक्रम उघडला होता. कपिलनं लिनक्सबरोबर टाकून दिलेला, जुन्या वळणाचा, कधीच न बदललेला. तोच पडद्यावर समोर होता. "दाब गं," त्यांनी पुढच्या खोलीतून हाक दिली. घंटा झाली. लाल पट्टी आली. 'शोभा'.

"ऑल ओके!" वामनराव माइकच्या आवाजात म्हणाले. "गाडी सुटायला हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी चारला कीर्तन होतं. वामनरावांनी दुपारीच शोभाताईंचे केस विंचरले. वेणी त्यांना अजून जमत नव्हती, म्हणून अंबाडा, तोही एका कानाकडे कललेला. मोरपंखी साडी नेसवता येत नव्हती तर खांद्यावरून नुसती पांघरली. कपाळाला बुक्का लावला. शोभाताईंनी खुणेनं आरसा मागितला, बघितलं, आणि वामनरावांच्या टकलाला बोटभर बुक्का लावून दिला.

अर्पिता उभी राहिली. नऊवारी, खांद्यावरून पदर कमरेला खोचलेला, हातात चिपळ्या. अख्खी. नमन झालं, पूर्वरंग सुरू झाला. विषय साधाच घेतला होता, हाकेचा. देवाला हाक कशी मारावी. ती सांगत होती की लेकरू आईला हाक मारतं तेव्हा आधी शब्द जुळवत बसत नाही. वामनराव पलंगाच्या कडेला बसून होते. शोभाताईंचा सुन्न हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला होता. असं बसलं की केळापूरलाच सतरंजीवर बसल्यासारखं वाटायचं.

पूर्वरंग आटोपला. अर्पिताला हार घातला, बुक्का लागला, मंडळी नामाचा गजर करू लागली. तेवढ्यात पुढच्या खोलीत लॅपटॉप वाजला. क्षितिजचा व्हिडिओ कॉल.

"पोरगं आहे. दोन मिनिटांत आलोच. उत्तररंगाच्या आत येतो," वामनराव उठले. "काही लागलं तं दाब."

शोभाताईंनी मान हलवली. जा, जा.

आतला गजर मोठा होता, म्हणून वामनरावांनी हेडफोन कानाला लावले. ब्राउझरच्या खिडकीत क्षितिजचं तोंड आलं. नेहमीसारखाच माइक आधी बंद होता. वामनरावांनी बाण नेऊन माइकच्या चित्रावर टिचकी मारली.

"हां, बोल रे बाप्पा! आयकू येते?"

"येते. आई कशी आहे?"

"मस्त! कीर्तन पाहून राह्यली. अर्पिताचं. अन् पाह्य, एक गोष्ट केली मी. वेलँड लावलं. चित्र आता बिलकुल फाटत नाही."

"बाबा, चालून राह्यलं ते चालू द्या न. कायले खुडबूड करता?"

"अरे, पण तू पाह्य तं."

क्षितिज हसला. मग म्हणाला, "बाबा, दिवाळीचं जमत नाही असं दिसते. सुट्टी देऊन नाही राह्यले. जानेवारीत पाहू."

"असं का?" वामनराव म्हणाले. "बरं. जानेवारीत तं थंडी असते. आईले थंडीत तरास होते, पण ये. येशीन तव्हा पाहू."

इथे खरं तर बोलणं संपलं होतं. दोन मिनिटंही झाली होती. पण वामनरावांना तो फोन ठेववेना. जानेवारीपर्यंत काही नाही म्हणजे आता मधे किती दिवस, हे मनात येऊ नये म्हणून ते त्याला बोटानं दाखवत राहिले. ही खालची पट्टी बघ, हे घड्याळ बघ, इथून आवाज कमी होतो. तिकडे यातलं काही दिसत नव्हतं, तरी क्षितिजही बिचारा बघत राहिला.

"बाबा, तुमचा आवाज गेला," तो मधेच म्हणाला.

"हॅलो? हॅलो?"

"हां, आला. आता पुन्हा गेला. आला. बाबा, काय करून राह्यले तुम्ही?"

"मी काहीच नाही करून राह्यलो. तुमच्या हैदराबादचंच नेटवर्क असन."

"परत गेला. हॅलो? आता आला. माइकची वायर हालवता का?"

"कायची वायर!" वामनराव हसले. "तुमच्याकडं टॉवर मोठाले अन् आवाज..."

"पुन्हा गेला बाबा."

वामनरावांनी एकदोनदा पडद्याच्या वरच्या बाजूला बघितलं. तिथं पट्टी येते. काही नव्हतं. म्हणजे ती खुशाल कीर्तनात रमली आहे. रमू दे.

खांद्यावर हात पडला तसे ते दचकले. हेडफोन काढले. मागे शकुबाई उभी होती. संध्याकाळची भांडी, पोळ्या आणि शोभाताईंचं अंग पुसणं तिच्याकडे असतं. तिच्या हातातली भाजीची पिशवी अजून हातातच होती.

"कानात काय बुचं घालून बसले काका? काकू कवाची हाका मारून राह्यली तुमाले!"

"कोण?"

"काकू! दुसरं कोन हाय घरात? म्या फाटकाची कडी काढून राह्यलती, तं आतून आवाज. 'अहो.' मले वाटलं टीव्ही हाय. मंग पुन्हा. 'अहो. या.' म्या म्हनलं, पाव्हनी आली का काय कोनी!"

वामनराव उठले. क्षितिज पडद्यावर "बाबा? काय झालं? बाबा?" म्हणत राहिला.

आत उत्तररंग अर्ध्यावर आला होता. अर्पिता कुठल्याशा भक्तिणीची गोष्ट सांगत होती आणि मागे पेटीवर कोणी तरुण मुलगा होता. शोभाताई टीव्हीकडे बघत नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या. डावा हात कळीवर होता, आणि तांबडा तुकडा दाबून दाबून एका बाजूला सरकला होता. मोरपंखी साडी खांद्यावरून ओघळली होती.

"शोभा, तू बोलली?"

शोभाताईंनी वामनरावांकडे बघितलं. ओठ उघडले. वामनराव वाकले, कान जवळ नेला. घशातून नेहमीचा तो आवाज आला, कुठलंच अक्षर नसलेला. ओठ मिटले. मग शोभाताईंनी हात उचलला, टीव्हीकडे दाखवला, स्वतःच्या छातीवर ठेवला, परत टीव्हीकडे. आणि हवेत उडवला. गेलं ते.

"काय गेलं? काय झालं होतं? सांग न, शोभा."

हात पांघरुणावर पडून राहिला.

कपिल दिवेलागणीला आला. त्यानं कळ हातात घेतली, दाबली. काही नाही. जुन्या कीर्तनांचा कार्यक्रम समोर आणला, दाबली. घंटा झाली. ब्राउझर समोर आणला. परत काही नाही.

"काका, तुम्ही काल हे समोर ठेवून तपासलं होतं का?"

"हो."

कपिल डोकं खाजवत बसला. "कसं सांगू तुमाले. जुनं म्हंजे आपला बसस्टँड. तुम्ही माइकवर बोलले का चहावाल्यालेही आयकू ये अन् रसवंतीवाल्यालेही. ज्याले पाहिजे तो कान देई. नव्याच्यात तसं नाही. ज्याच्या तोंडासमोर उभं राहून बोलान, त्यालेच आयकू जाते. बाकीच्यायले नाही. चोरून कोनी आयकू नाही म्हणून केलं त्याइनं. तुमची घंटा जुन्यातली. समोर जुन्या वळणाची खिडकी असली तं तिले आयकू येते, नाही तं नाही. काल नेमकी तशीच खिडकी समोर होती."

"मंग आज तिनं दाबलं ते कुठं गेलं?"

"जे समोर होतं त्याले गेलं. काय होतं समोर?"

"क्षितिज होता."

कपिलनं जरा वेळ विचार केला. "तुम्ही माइकवर क्लिक केलं होतं का? मंग त्याच्यानंतरचं एंटर त्या माइकलेच लागन. एकदा दाबलं का बंद, पुन्हा दाबलं का चालू."

वामनराव खुर्चीत बसले. आला, गेला, आला, गेला. तिकडे ती बोलावत होती आणि इकडे त्यांचाच आवाज जात-येत होता, आणि ते हैदराबादच्या टॉवरला हसत होते.

"याच्यातही करता येते काका," कपिल म्हणाला. "पद्धत येगळी आहे. मी उद्या बसतो न, नीट करून देतो. चित्रही साजरं राहीन अन् घंटाही होईन."

"नको. जुनंच लावून दे."

"चित्र फाटन मंग."

"फाटू दे."

सकाळी वामनरावांनी अर्पिताचं कीर्तन परत लावलं. मंदिरातल्या पोरांनी ते इंटरनेटवर ठेवलं होतं. उत्तररंगाच्या सुरुवातीलाच ते सापडलं. अर्पिता पेटीवाल्याला थांब म्हणाली, आणि लोकांकडे वळून बोलली, "आता जी चाल घेणार आहे ती माझी नाही. माझ्या शोभाकाकूंची आहे. पांढरकवड्याच्या. त्यांना इथं येणं होत नाही, पण मला माहीत आहे, त्या आता ऐकून राहिल्या आहेत. काकू, नमस्कार करते." आणि तिनं चिपळ्या कपाळाला लावल्या. सगळं मंदिर टाळ्या वाजवू लागलं. ती मान वर करत होती तेव्हा तिचा चेहरा कपाळापाशी चिरला आणि परत जुळला.

वामनरावांनीही टाळ्या वाजवल्या. डोळे पुसले. "अगं, केवढं नाव घेतलं तुझं! सगळ्या केळापूरसमोर!"

शोभाताई हसल्या. कालची बातमी कोणी आज उत्साहानं सांगायला यावं आणि आपण त्याचं मन मोडू नये, तशा.

"हेच दाखवायले बोलावत होतीस न?"

त्यांनी मान हलवली. हो.

"मंग म्हण न एकदा. कशी म्हणालीस? अहो. नुसतं अहो म्हण. या नाही म्हटलं तरी चालन."

शोभाताईंनी खरंच प्रयत्न केला. वामनरावांना गळ्याची शीर ताणलेली दिसली, कपाळावर घाम दिसला. मग त्यांनीच शोभाताईंच्या तोंडावर हात ठेवला. "राहू दे. राहू दे गं. होईन."

क्षितिजचा फोन आला तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं. "पुन्हा सांगा बाबा," तो दोनदा म्हणाला. या वेळी नेटवर्क ठीक होतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी शकुबाई आली की वामनराव स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहायचे.

"शकुबाई, कसा होता आवाज? पहिल्यासारखा?"

"सांगतलं न काका. जाडा होता जरासा. सर्दी झाल्यावानी."

"अहो म्हणाली, का अवो?"

"अहो. साफ. अन् 'या' म्हनली ते तं हुकूमच होता बापा. म्या फाटकात उभी होती तं माहेच पाय उचलले."

"हुकूम होता न?" वामनरावांना त्याचं हसू यायचं. "तशीच आहे ती. पेटीवर बसली का आम्हाले मागं सरकवायची."

"किती खेपा सांगू काका?" शकुबाई पीठ मळता मळता म्हणायची; पण दुसऱ्या दिवशी परत सांगायची, आणि थोडं हळू, जसं आवडीचं आख्यान सांगावं तसं.

दसऱ्याच्या दिवशी ती आली नाही, तिच्या घरी पाहुणे होते. दुपार कलली. शोभाताई जाग्या होत्या, टीव्ही बंद होता. वामनराव त्यांना "आलोच" म्हणाले, चपला घातल्या, अंगण ओलांडून फाटकाबाहेर आले आणि कडी लावून घेतली. मग कडीवर हात ठेवून उभे राहिले. घराकडे तोंड करून. शकुबाई उभी राहते तिथे. आतली खिडकी उघडी होती, पडदा हलत नव्हता. शेजारच्या घरात कोणी कढईत डाव फिरवत होतं. दूर रस्त्यावर कापसाची गाडी गेली आणि परत शांत झालं.

दूध घालणारा रामसिंग मोटरसायकल थांबवून म्हणाला, "कोनाची वाट पाहून राह्यले साहेब? घरात कोनी आलं काय?"

"नाही. असाच उभा आहो."

"उन्हात?"

"जा तू. आपट्याचं पान देतो संध्याकाळी."

रामसिंग गेला. वामनराव उभेच होते. आत जाऊन तिच्याजवळ बसलं, तर तिला हाक मारायचं कारणच उरत नव्हतं. आणि असं बाहेर उभं राहायचं, तर ती आत एकटी. त्यांनी आणखी थोडं थांबायचं ठरवलं. खिडकीकडे कान देऊन, मान किंचित तिरपी करून, श्वास सुद्धा हळू घेत ते थांबले.

मग तिची कूस बदलायची वेळ झाली. त्यांनी कडी काढली आणि ते आत गेले.